सर, आम्ही कायम होऊ की नाही? शिक्षकांच्या नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि एप्रिलमध्ये निकाल लागल्यापासून ते शाळेची घंटा वाजेपर्यंतचे हे जे दोन महिने असतात ना, ते ज्यांची नोकरी पक्की नाही त्या शिक्षकांसाठी वर्षातले सगळ्यात वाईट दिवस असतात. आमच्याकडे या दिवसांत येणारी पत्रं, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सगळे एकाच प्रश्नावर येऊन थांबतात, नोकरी राहील का. म्हणून यावेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलंय. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं आणि शाळा काढून टाकल्या आहेत.

प्रश्न : मानेवाडा रोडकडच्या एका स्वयंअर्थसहाय्यित हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते, बीएस्सी बीएड आहे. चौथं वर्ष चालू आहे. दरवर्षी जूनमध्ये दहा-अकरा महिन्यांची ऑर्डर देतात, एप्रिलला ब्रेक देतात आणि पुन्हा जूनला तेच. पहिल्याच वर्षी एका कोऱ्या कागदावर सही पण घेऊन ठेवलीय. कायम करा म्हटलं तर सचिव म्हणतात, मॅडम, आमची शाळा विनाअनुदानित आहे, आम्हाला ते कायदे लागत नाहीत. आता ऐकून राहिली की यावर्षी ऑर्डर देणारच नाहीत. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी सचिवांचं ते वाक्य डोक्यातून काढून टाका. महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे, आपण सगळे त्याला एमईपीएस म्हणतो, आणि त्याची नियमावली १९८१ ची आहे. राज्य मंडळाची मान्यता असलेल्या खाजगी शाळेला तो लागतो, अनुदान असो नाहीतर नसो. पगार कोण देतं यावरून तुमचं संरक्षण ठरत नाही. हे वाक्य इतक्या संस्थांमध्ये इतक्या वर्षांपासून सांगितलं जातंय की शिक्षकांनाच ते खरं वाटायला लागलंय, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आता कायदा काय म्हणतो. कलम ५ प्रमाणे कायम रिक्त जागेवर पात्र माणसाला नेमलं की त्याचा परिवीक्षा काळ, म्हणजे प्रोबेशन, दोन वर्षांचं, शिक्षण सेवक (सुरुवातीला मानधनावर नेमलेला शिक्षक) असेल तर तीन वर्षांचं. त्या काळात काम समाधानकारक नाही असं वाटलं तर संस्था एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन कमी करू शकते. पण तो काळ नीट पार पडला की माणूस आपोआप कायम समजला जातो, वेगळं पत्र मिळायलाच पाहिजे असं काही नाही.

पण ताई, इथंच बहुतेक जण फसतात म्हणून स्पष्ट सांगतो. हे सगळं "कायम रिक्त जागेवर, रीतसर" नेमणूक असेल तरच. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं २०१३ मध्ये सांगून ठेवलंय की ठराविक मुदतीची नेमणूक केली म्हणून ती आपोआप प्रोबेशनवरची होत नाही. संस्थाचालकांचे वकील ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे शाळा न्यायाधिकरणात, पहिल्यांदा हेच काढतात. म्हणून तुमची लढाई दोन गोष्टींवर आहे, जागा खरोखर कायम होती का, आणि दरवर्षीचा ब्रेक हा फक्त कागदावरचा देखावा होता का. चार वर्षं तोच विषय, तेच वर्ग, तीच शिक्षिका असेल तर ती जागा तात्पुरती कशी काय राहील, हा तुमचा मुद्दा.

तो सिद्ध करायला कागद लागतात आणि ते आजच, शाळेत जाणं-येणं चालू आहे तोवर गोळा करा. चारही वर्षांच्या ऑर्डर (नियमावलीत नेमणूक आदेशाचा नमुना अनुसूची ड मध्ये दिलेला आहे, तुमची ऑर्डर त्याच्याशी ताडून बघा, मुदत कशी लिहिलीय, जागा कोणती लिहिलीय). पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट. वर्गाचं वेळापत्रक, ज्यात तुमचं नाव आहे. तुम्ही वर्गशिक्षिका असाल तर प्रगतिपत्रकावर तुमची सही असते, एखाद्या पालकाकडून त्याची झेरॉक्स मिळते. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत, शाळेनं तुमचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख भरली असेल ती. आणि एक गोष्ट जी कोणाच्या लक्षात येत नाही, दहावीच्या पेपर तपासणीसाठी किंवा प्रात्यक्षिकासाठी बोर्डाचं पत्र आलं असेल तर त्यावर तुमचं नाव, विषय आणि शाळेचं नाव असतं, तारीख असते, आणि तो कागद संस्थेनं नाही तर बोर्डानं दिलेला असतो. संस्था उद्या म्हणाली की या बाई आमच्याकडे अधूनमधून यायच्या, तर तो एक कागद पुरेसा बोलतो.

कोऱ्या कागदाचं म्हणाल तर राजीनाम्याची पद्धत कलम ७ मध्ये लिहिलेली आहे. राजीनामा दोन प्रतींत करायचा, दोन्हीवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टानं संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. आधीच घेऊन ठेवलेली सही या पद्धतीत कुठंच बसत नाही. तरी थांबू नका. आजच्या तारखेचं साधं पत्र लिहा की माझ्याकडून नेमणुकीच्या वेळी कोऱ्या कागदावर सही घेतली होती, मी राजीनामा दिलेला नाही आणि देण्याचा विचारही नाही, आणि ते संस्थेला आणि माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. पोचपावती फाइलला लावा. हे पत्र काढून टाकायच्या आधीच्या तारखेचं असणं फार महत्त्वाचं आहे, नंतर लिहिलं तर म्हणतात आता सुचलं.

आणि खरंच काढलं, लेखी असो नाहीतर तोंडी, नाहीतर गेटवर थांबवून परत पाठवलं असो, तर कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करायचं. नागपूरला न्यायाधिकरण आहे, मुंबईला जायची गरज नाही. उशीर माफ करायचा अधिकार त्यांना आहे, पण सबळ कारण द्यावं लागतं, म्हणून "सचिव म्हणाले थोडं थांबा, बघतो" यात तो महिना घालवू नका, तो महिना जावा म्हणूनच बहुतेकदा थांबवतात. अपील मान्य झालं तर कामावर परत घ्यायचा, थकलेला पगार द्यायचा आदेश होऊ शकतो. परत घ्यायचं नाही असं ठरलं तर दहा वर्षांपेक्षा कमी नोकरीला सहा महिन्यांचा आणि दहा किंवा जास्त वर्षांच्या नोकरीला बारा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देता येतो.

प्रश्न : अनुदानित शाळेत २०१९ पासून आहे. मान्यतेची फाइल शिक्षण कार्यालयात पडून आहे, शालार्थ आयडी (सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला क्रमांक) नाही, म्हणून पगार नाही. २०२५ मध्ये तो बोगस शालार्थ आयडीचा घोटाळा बाहेर आल्यापासून तर कोणी फाइलला हातच लावत नाही. आता संस्था म्हणते मान्यता नाही म्हणून तुम्हाला कमी करतो. कामठीहून एक सहायक शिक्षक.

उत्तर : सर, मान्यता मिळाली नाही हे नोकरीवरून काढायचं कारण होऊ शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं हे स्पष्ट केलेलं आहे, की नेमणूक वैध असणं आणि शिक्षणाधिकाऱ्याची मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारकडून पगार मिळायला मान्यता लागते, पण तुमचं आणि संस्थेचं नातं त्यावर अवलंबून नाही. संस्थेनं कमी केलंच तर वर ताईंना सांगितलं तोच रस्ता, ३० दिवस.

घोटाळ्याबद्दल मनापासून बोलायचं तर नागपूर विभागात जे झालं, मागच्या तारखांच्या नेमणुका दाखवून बनावट आयडीवर पगार काढले, अधिकाऱ्यांना अटक झाली, एसआयटी बसली, त्याचा सगळ्यात मोठा फटका कोणाला बसला तर ज्यांनी खरोखर वर्गात उभं राहून शिकवलं त्यांना. चोरी दुसऱ्यांनी केली आणि संशय यांच्यावर. सहा-सहा, सात-सात वर्षं बिनपगारी शिकवणारा माणूस घर कसं चालवतो हे कोणी विचारत नाही, संध्याकाळी ट्यूशन, रविवारी आणखी काही, आणि सोमवारी पुन्हा वर्गात.

पण पडताळणी होणार हे धरून चला आणि तिला तयार राहा. आता बघतात ते तारखांची साखळी. बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांची यादी) तपासलेली, मग पदाला परवानगी, मग जाहिरात किंवा पवित्र पोर्टलची (शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलची) शिफारस, मग संस्थेचा ठराव, मग आदेश, मग रुजू अहवाल, मग मान्यतेचा प्रस्ताव. एकही तारीख उलटी असली की फाइल बाजूला. २ मे २०१२ च्या निर्णयानं खाजगी शाळांतली भरती थांबवली होती, त्यामुळं त्यानंतरच्या आणि पवित्र पोर्टल सुरू व्हायच्या आधीच्या नेमणुका तर जास्तच बारकाईनं बघतात. तुमची २०१९ ची आहे म्हणजे ती कोणत्या मार्गानं झाली हे पहिल्याच पानावर दिसलं पाहिजे. प्रस्ताव कार्यालयात दिला त्याचा आवक क्रमांक आणि तारीख तुमच्याकडे नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. शाळेच्या जावक रजिस्टरमध्ये तुमच्या आदेशाची नोंद आहे ते पान, त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान अशी तीन पानं साक्षांकित करून ठेवा, कारण मागून घुसवलेली नोंद आणि क्रमानं आलेली नोंद यातला फरक शेजारच्या पानांवरूनच कळतो.

कोणी म्हणालं की इतके द्या, आयडी काढून देतो, तर त्या माणसापासून दूर राहा. त्या रस्त्यानं गेलेल्यांची आज चौकशी चालू आहे.

प्रश्न : काटोल तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत आहे, २००१ ची नेमणूक, वय ४८. आता म्हणतात टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हा नाहीतर घरी जा. चोवीस वर्षं शिकवलं ते काय होतं मग?

उत्तर : बाई, तुमचा राग अगदी बरोबर आहे आणि तुमच्यासारखी चिक्कार पत्रं आली आहेत. ज्यांनी खडूनं हात पांढरे केले, दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग एकटीनं सांभाळले, त्यांना आता परीक्षा द्या म्हणणं मनाला लागतंच.

पण निकाल काय आहे ते नीट समजून घ्या, कारण त्याबद्दल फार गैरसमज पसरले आहेत. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आरटीई (शिक्षण हक्क कायदा) खाली पहिली ते आठवी शिकवणाऱ्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागेल. ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी उरलीत त्यांना नोकरीत राहता येईल, पण बढती हवी असेल तर पास व्हावं लागेल. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीत त्यांना दोन वर्षांत पास व्हायचंय. तुम्ही ५८ ला निवृत्त होणार, म्हणजे दहा वर्षं आहेत, म्हणजे तुम्हाला २०२७ च्या ऑगस्टअखेरपर्यंतची मुदत. पास नाही झाल्यास नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीची निवृत्ती येईल, पण अर्हताकारी सेवा झालेली असेल तर निवृत्तीचे लाभ मिळतील असंही त्याच निकालात आहे, म्हणजे चोवीस वर्षं पाण्यात जात नाहीत. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवलाय. फक्त नववी-दहावीला शिकवणाऱ्यांना हा निकाल लागत नाही.

पुनर्विचार याचिका, आंदोलनं, मोर्चे यांत संघटनेबरोबर जरूर राहा, पण त्यांच्या भरवशावर अभ्यास सोडू नका. दीडशे मार्कांचा पेपर आहे, खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० मार्क, राखीव गटाला ५५ टक्के. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. केंद्राची सीटीईटी पण चालते, म्हणजे संधी एकाच परीक्षेपुरती नाही. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. बालमानसशास्त्राचे तीस मार्क तुमच्यासाठी सगळ्यात सोपे, कारण प्रश्न जे विचारतो ते तुम्ही रोज करता, फक्त त्याची पुस्तकी नावं पाठ करायची. गणित आणि इंग्रजीची भीती वाटत असेल तर तुमच्या केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) चार-पाच जणींनी मिळून शनिवारी दुपारी बसा, सकाळची शाळा सुटल्यावर. एकटीनं घरी पुस्तक उघडून होत नाही, घरचं काम आडवं येतंच.

प्रश्न : नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात अकरा वर्षांपासून सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहे. नेट झालंय, पीएचडी झालीय. दर जुलैला नवीन मुलाखत, दर एप्रिलला नोकरी संपली. वय ४२. अकरा वर्षं झाली म्हणून मला कायम करता येईल का? कोणी म्हणतं कोर्टात जा.

उत्तर : सर, तुमच्या पत्रातली एक ओळ मी मुद्दाम इथं देतो, "विद्यार्थी मला सर म्हणतात, स्टाफरूममध्ये मी सीएचबी आहे." तासिका तत्त्वावर काम करणारा प्रत्येक जण हे वाचून मान हलवेल. महाराष्ट्रातली कॉलेजं आज तुमच्यासारख्यांच्या जिवावर चालू आहेत, एका रिकाम्या पदाच्या तासिका दोन जणांत वाटून द्यायच्या आणि दोघांनाही पूर्ण पगार द्यायचा नाही, हा प्रकार इतका रुळलाय की यात काही चूक आहे असं कोणाला वाटेनासं झालंय. यूजीसीचे २०१८ चे नियम म्हणतात की कंत्राटी नेमणुका अगदीच गरज असेल तेव्हा, आणि एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्याच नियमांत नियमित प्राध्यापकाचं प्रोबेशन एक वर्षाचं, फार तर आणखी एक वर्ष वाढवता येतं. एका वर्षात ज्याची परीक्षा व्हायला पाहिजे त्याची परीक्षा आपण अकरा वर्षं घेतोय. हा अन्याय आहे आणि तो अन्यायच म्हणायला पाहिजे.

आता कोर्टाचं. नुसती वर्षं भरली म्हणून कायम होत नाही, हे कटू आहे पण आधी ऐका. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की तात्पुरत्या नेमणुकीतून कायम होण्याचा हक्क तयार होत नाही. अपवाद एकाच वेळेपुरता ठेवला, मंजूर पदावर दहा वर्षं किंवा जास्त काम केलेल्या, नेमणूक अनियमित असलेल्या पण बेकायदेशीर नसलेल्या लोकांसाठी. सरकारं तेव्हापासून हा निकाल ढालीसारखा वापरत आली. २० डिसेंबर २०२४ ला केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं की वर्षानुवर्षं नियमित काम करून घेणाऱ्यांना नाकारायला उमादेवीचा असा वापर चालणार नाही. वारं थोडं बदललंय हे खरं.

आपल्या नागपूर खंडपीठाचा २०१३ चा निकाल पण तुम्हाला माहीत असेल, शासकीय तंत्रनिकेतनांतल्या कंत्राटी अधिव्याख्यात्यांना तीन वर्षं पूर्ण झाली म्हणून नियमित करायचे आदेश झाले. पण ते लोक मंजूर पदांवर, जाहिरात देऊन, निवड समितीकडून निवडलेले, पूर्णवेळ काम करणारे होते. सीएचबीचा माणूस तासावर मोजला जातो, तिथं सरकारी वकील लगेच फरक दाखवतो. म्हणून तुमची निवड कशी झाली हे फार महत्त्वाचं आहे. दर वर्षीची जाहिरात, त्यात पदाचा उल्लेख, निवड समितीत विद्यापीठाचा प्रतिनिधी होता का, विद्यापीठाची मान्यता मिळाली का, हे सगळं असेल तर वकिलाकडे जाण्यात अर्थ आहे. नसेल तर कायम होण्यापेक्षा समान पगाराचा मुद्दा जास्त भक्कम आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात, जिथं महिन्याला ३० हजार मिळत होते, सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनश्रेणी द्यायला सांगितलं, आणि कार्यक्रमांमध्ये गुरुर्ब्रह्मा म्हणत राहणं पुरेसं नाही असं सरकारला सुनावलं. तिथंही पूर्णवेळ कामाचा भार सारखा होता हे लक्षात ठेवा. तुम्ही सीएचबीवर असताना नॅकची फाइल, परीक्षेची ड्युटी, प्रवेश समिती, एनएसएसचं शिबिर हे सगळं केलं असणार. ते तोंडी सांगून केलं असेल तर यापुढं लेखी आदेश मागा. प्राचार्य देत नसतील तर काम झाल्यावर ईमेल करा की आपण सांगितल्याप्रमाणे अमुक काम पूर्ण केलं.

आणि कोर्ट चालू ठेवूनही भरतीच्या जाहिराती सोडू नका. केस कधी निकाली निघेल ते कोणाच्याच हातात नाही.

प्रश्न : मी पालक आहे, महालमध्ये राहतो. तुम्ही शिक्षकांच्या बाजूनं नेहमी लिहिता. पण कायम झाले का मास्तर लोक शिकवतच नाहीत असा आमचा अनुभव आहे. खाजगी नोकरीत कोणाला कायमची हमी आहे? मग यांनाच काहून?

उत्तर : भाऊ, प्रश्न रास्त आहे आणि तुमच्या अनुभवाला मी खोटं म्हणणार नाही. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कंत्राटी शिक्षकांची गैरहजेरी १६ टक्के आणि नियमित शिक्षकांची २७ टक्के निघाली होती. हे आकडे शिक्षकांच्या संघटनांना आवडत नाहीत पण ते आहेत.

तरीही मी कायम नोकरीच्या बाजूनं आहे. का ते सांगतो. कायम म्हणजे काढताच येत नाही असं कायद्यात कुठंही नाही. काढता येतं, फक्त चौकशी करून. शाळेच्या नियमांत तीन जणांची समिती सांगितलीय, एक संस्थेचा, एक त्या शिक्षकानं सुचवलेला दुसरा कर्मचारी, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक. आरोप सांगा, पुरावा दाखवा, त्याचं ऐका आणि मग काढा. जो शिक्षक वर्गात जातच नाही त्याची हजेरी मांडून ही चौकशी पूर्ण करणं अवघड आहे का? मुख्याध्यापक करत नाहीत, कारण कटकट नको असते, आणि दोष मात्र कायद्यावर जातो.

दुसरी बाजू बघा. ज्याला उद्या काढता येतं त्या शिक्षकाकडून काय काय करून घेतलं जातं हे तुमच्यापर्यंत येत नाही. पगार खात्यात पूर्ण जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातला मोठा भाग रोखीनं परत मागतात, हे मला एका ठिकाणाहून नाही, वेगवेगळ्या तालुक्यांतून लिहून येतं. परीक्षेत अमक्याच्या मुलाकडे लक्ष देऊ नका म्हणतात. ॲडमिशनसाठी उन्हाळ्यात घरोघर फिरवतात. आरटीईच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शाळेबाहेरचं काम देऊ नये असं लिहिलंय, पण नोकरी टांगणीला असलेला माणूस ते कलम दाखवणार कोणाला? तुमच्या मुलाच्या वर्गात कॉपी चालू असताना जो शिक्षक "हे चालणार नाही" म्हणू शकतो तो तोच, ज्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवता येत नाही. तुम्हाला तुमच्या मुलासाठी तसाच शिक्षक पाहिजे ना?

आणि हमी काही फुकटात मिळत नाही, आधी डीएड किंवा बीएड, मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर वाट बघणं, आणि निवड झाल्यावर तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन, जे २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं, त्याआधी ६, ८ आणि ९ हजार होतं. जो शिक्षक शिकवत नाही त्याच्याविरुद्ध शाळा व्यवस्थापन समितीत लेखी तक्रार द्या, तोंडी नको. पालकांची लेखी तक्रार मुख्याध्यापकाला बाजूला ठेवता येत नाही. मी तुमच्यासोबत आहे त्यात.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत टेन्युअर ट्रॅकवर (कायम प्राध्यापक होण्याच्या मार्गावर) आहे. ते म्हणजे आपल्यासारखं कायम होणंच ना? धरमपेठ.

उत्तर : बरंचसं तसंच, पण त्यामागचं कारण वेगळं. १९०० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले एडवर्ड रॉस नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक त्यांच्या मतांमुळं गेले, संस्थापकांच्या पत्नीला ती मतं पसंत नव्हती. पुढं १९१५ मध्ये प्राध्यापकांची संघटना झाली आणि १९४० च्या त्यांच्या निवेदनात ठरलं की परिवीक्षा सात वर्षांपेक्षा जास्त नको, आणि त्यानंतर पुरेसं कारण दाखवल्याशिवाय काढायचं नाही. म्हणजे तिथं मुद्दा पगाराच्या हमीपेक्षा मत मांडायच्या मोकळीकीचा होता. पण भाच्याला सांगा की त्या सहा-सात वर्षांत शोधनिबंध, शिकवणं, ग्रँट सगळं तपासतात आणि नाही मिळालं तर साधारण एका वर्षात कॉलेज सोडावं लागतं, आपल्यासारखं लोंबकळत ठेवत नाहीत. सगळीकडे ही हमी टिकलेलीही नाही. ब्रिटननं १९८८ च्या कायद्यानं नव्या प्राध्यापकांसाठी ती काढून टाकली, फ्लोरिडात आता टेन्युअर मिळाल्यावरही दर पाच वर्षांनी तपासणी आहे.

प्रश्न : उमरेड. पटसंख्या कमी झाली म्हणून संच मान्यतेत (पटसंख्येवरून शाळेची पदं ठरवतात त्यात) एक पद उडालं आणि मला अतिरिक्त ठरवून राहिले. पण माझ्यानंतर लागलेले सर यादीत माझ्या वर आहेत. काय करता येईल?

उत्तर : अनुदानित शाळेत पद उडालं म्हणजे नोकरी गेली असं नाही, समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेणं, व्हायला पाहिजे. पण अतिरिक्त कोण ठरणार हे सेवाज्येष्ठतेच्या यादीवर आहे, म्हणून आधी यादी. १९८१ च्या नियमावलीतल्या नियम १२ प्रमाणे संस्थेनं यादी करून सगळ्यांना दाखवायची असते आणि मिळाल्याची सही घ्यायची असते, वाद झाला तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. यादी कशी करायची ते अनुसूची फ मध्ये आहे, तुमच्या गटात रुजू झाल्याची तारीख आणि पात्रता मिळवल्याची तारीख दोन्ही बघा, कारण तुमची बीएड नंतर झाली असेल तर ते सर वर जाऊ शकतात, तसं असेल तर भांडण्यात वेळ घालवू नका. तसं नसेल तर लगेच लेखी आक्षेप द्या, समायोजनाचा कॅम्प लागायच्या आधी. आणि यादीवर सही मागितली तर नुसती सही करू नका, "यादी मिळाली, क्रम मान्य नाही, आक्षेप स्वतंत्र देत आहे" असं स्वतःच्या हातानं लिहा, खाली तारीख टाका, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि मग रजिस्टर परत द्या.